क्रोमियम: उपसून काढावं की जमिनीतच अडवावं?
सांगली-मिरजेकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत शिसं मातीला धरून बसतं. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) सांडपाण्यातलं सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप, मात्र पाण्याबरोबर पार विहिरीपर्यंत जातं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची आपली मर्यादा आहे लिटरला ०.०५ मिलिग्रॅम.

पाणी उपसून शुद्ध केलं की प्रदूषण पसरणं थांबतं, एवढं खरं. पण चिकणमातीत मुरलेलं क्रोमियम हळूहळू परत झिरपत राहतं आणि पंप वर्षानुवर्षं चालवावा लागतो.

फेरस सल्फेट (लोहाचा एक क्षार) जमिनीत सोडलं तर क्रोमियम तीन-संयुजी, म्हणजे कमी विषारी, होऊन साक्यासारखं जागीच बसतं. मला हाच मार्ग पटतो. अडचण आपल्या बेसाल्ट खडकाची: भेगाभेगांत द्रावण सगळीकडे पोचेलच असं नाही. शिवाय मातीतल्या मँगनीज ऑक्साइडमुळे थोडं क्रोमियम पुन्हा विषारी रूपात येऊ शकतं, त्यामुळे आसपासच्या विहिरी नंतरही तपासत राहायला हव्यात.