सांगलीच्या गावभागातली जुनी ड्रेनेज लाइन: एचडीपीई ओढावा की सीआयपीपी करावी?

३०० मिमीच्या आरसीसी पाइपचा माथा सांडपाण्यातल्या गॅसने खाल्ला आहे, कॅमेऱ्यात सळ्या दिसतात, पण तळ आणि उतार शाबूत आहेत, अशा लाइनपुरती ही तुलना. पर्याय दोन: जुन्या पाइपच्या आतून एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) नवा पाइप ओढणे, किंवा सीआयपीपी, म्हणजे आत रेझिनचे अस्तर घालून ते जागेवरच कडक करणे. काळी माती दबून लाइन मध्येच खाली बसली, म्हणजे पोट आले असेल तर तेवढा तुकडा खोदूनच बदला. दोन्ही पर्यायांत ते पोट तसेच राहते.

एचडीपीईचे सामान सांगलीत सहज मिळते, आणि उपसा सिंचनाच्या कामांमुळे बट वेल्डिंग (पाइपची टोके तापवून जोडणे) करणारे हातही आहेत. पण ३०० मध्ये २५० मिमीचा पाइप जातो. एसडीआर १७ (बाहेरचा व्यास जाडीच्या १७ पट) घेतला तर आतून २२० मिमीच उरतो. गुळगुळीतपणा धरूनही वहनक्षमता निम्म्याच्या थोडीच वर राहते. उन्हात ओढलेला पाइप रात्री आखडतो, म्हणून टोके दुसऱ्या दिवशी कापावीत. दोन पाइपांमधल्या पोकळीत ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरताना नव्या पाइपच्या आत पाणी भरलेले हवे, नाहीतर पाइप तरंगतो आणि उतार जातो.

एवढे सांभाळता येते. अडते ते हाऊस कनेक्शनपाशी. एचडीपीईत प्रत्येक कनेक्शनसाठी वरून खड्डा घ्यावा लागतो. गावभाग, खणभागातल्या गल्लीत दोन्ही बाजूंना घराला घर लागून आहे. खड्ड्याच्या कडा ढासळतात, नळाची लाइन तुटते, जुन्या जोत्याला धोका होतो. शेवटी गल्ली खोदलीच जाते.

सीआयपीपीत रेझिनने भिजवलेला फेल्टचा स्लीव्ह मॅनहोलमधून पाण्याच्या दाबाने उलटवत नेतात, गरम पाण्याने कडक करतात आणि कनेक्शने आतूनच रोबोट कटरने उघडतात. जाडी साधारण ६ मिमी, म्हणजे २८८ मिमी शिल्लक. कष्ट इथेही आहेत. आत डोकावणारी कनेक्शनची तोंडे आधी कापा, नाहीतर स्लीव्ह तिथे अडकतो किंवा फाटतो. प्रत्येक कनेक्शनचे मॅनहोलपासूनचे अंतर आणि पाइपच्या गोलावरची जागा घड्याळाच्या आकड्यांत (माथा म्हणजे १२) लिहून ठेवा. एक जरी सुटले तर त्या घराचे सांडपाणी उलटे फिरते. एप्रिलच्या उन्हात भिजलेला स्लीव्ह बर्फात नसेल तर गाडीतच सेट होऊ लागतो. सांध्यातून जमिनीतल्या पाण्याची धार येत असेल तर रेझिन धुऊन जाते. आधी रासायनिक ग्राउटने ती बंद करा, आणि काम कृष्णेची पातळी खाली असताना, फेब्रुवारी ते मे दरम्यान उरका. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास घरात येऊ नये म्हणून नहाणी ट्रॅपमध्ये पाणी ओतून ठेवायला सांगा.

घरे न जोडलेल्या, मोठ्या व्यासाच्या मुख्य लाइनला, क्षमता पुरत असेल तर, एचडीपीई कदाचित बरा पडेल. गल्लीत मात्र सीआयपीपीकडेच कल ठेवावा, मीटरचा दर जास्त दिसला तरी. दर ताडताना एचडीपीईच्या अंदाजपत्रकात कनेक्शनचे खड्डे आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च धरला आहे का, ते आधी पाहा.