कंबरेचे होल्स्टर : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची सराफी पेढी आहे. चांदीच्या मालासाठी मला आठवड्यातून एकदा हुपरीला जावे लागते आणि रोज संध्याकाळी पेढी बंद करून घरी येताना दागिन्यांची पेटी बरोबर असते. याच कारणासाठी मला शस्त्र परवाना मिळाला आणि त्यावर मी कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले .32 बोअरचे, सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर घेतले. कोणते शस्त्र घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटले, पण ते दिवसातले दहा तास अंगावर कसे वागवावे हे कोणीही नीट सांगितले नाही. होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर बाळगायचे म्यान, हे दुकानदार सोबत देतो ते एक कव्हर, अशीच माझीही समजूत होती. ती किती चुकीची होती हे समजायला पहिले दोन महिने गेले.

सुरुवातीला मी नायलॉनचे, आत स्पंज असलेले आणि पट्ट्याला क्लिपने अडकवायचे होल्स्टर वापरले. हाताला ते मऊ लागते आणि दुकानात कंबरेला लावून पाहिले तर टोचत नाही, म्हणून आरामदायी वाटते. प्रत्यक्षात त्याला स्वतःचा आकारच नसतो. रिव्हॉल्व्हर बाहेर काढले की त्याचे तोंड मिटते आणि परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडून धरावे लागते, म्हणजे भरलेल्या शस्त्राच्या नळीसमोर आपलाच हात येतो. चापावरचे कापड इतके पातळ असते की बाहेरून बोटाने दाबले तरी आतला चाप जाणवतो. दुसऱ्या महिन्यात एकदा गाडीतून उतरताना सीटबेल्टचे बक्कल क्लिपमध्ये अडकले आणि रिव्हॉल्व्हरसकट सगळे होल्स्टर पायाशी पडले. दार अजून बंद होते म्हणून रस्त्यावरच्या कोणाला दिसले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ते वापरणे बंद केले.

याला कायद्याचीही बाजू आहे, आणि परवानाधारकांपैकी अनेकांना ती ठाऊक नसते. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी असे लहान शस्त्र अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्याच साधनात, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. नुसते कंबरेत खोचणे किंवा मूठ दिसेल असे मिरवणे यात बसत नाही. म्हणजे आपल्याकडे शस्त्र झाकून बाळगणे ही आवडीनिवडीची बाब नाही.

नायलॉननंतर मी कायडेक्स या कडक प्लास्टिकचे, पँटच्या आत राहणारे होल्स्टर वापरून पाहिले. त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. ते घाम शोषत नाही, त्याचे तोंड मिटत नाही, चाप पूर्ण झाकला जातो आणि शस्त्र जागेवर बसल्याचे बारीक ‘टक्’ आवाजाने कळते. चपट्या पिस्तुलासाठी मी आजही तेच सुचवेन. रिव्हॉल्व्हरचे दुखणे मात्र वेगळे असते. त्याची चक्री, म्हणजे काडतुसे बसतात तो फिरता भाग, नळीपेक्षा बरीच जाड असते आणि तो फुगवटा पँट व कंबर यांच्यामध्ये दिवसभर रुततो. शिवाय आमच्या पेढीवर अजून गादी आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला जे सहन होईल, ते मांडी घालून बसणाऱ्याला होत नाही. एप्रिलच्या उन्हात तीन आठवडे ते वापरल्यावर कंबरेच्या हाडावर वळ उठला आणि मी रिव्हॉल्व्हर घरीच ठेवून जाऊ लागलो. परवाना मिळवण्यासाठी इतका खटाटोप करून शस्त्र कपाटात पडून राहणार असेल तर त्याचा काय उपयोग, हा प्रश्न घरच्यांनी विचारला आणि तो रास्त होता.

त्यानंतर मी कोल्हापूरला चपला बनवणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. होल्स्टरसाठी चामडे कोणते, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बाजारातील बहुतेक मऊ चामडे क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असते. ते आकार धरून ठेवत नाही, आणि त्यात राहिलेल्या क्षारांमुळे लोखंडावर गंज चढू शकतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे ताठ असते, ओले करून ज्या आकारावर बसवावे तो आकार वाळल्यावर धरून ठेवते, आणि अस्सल कोल्हापुरी चपलेला हेच चामडे लागते. म्हणजे जे मी महागड्या परदेशी मालात शोधत होतो, ते घरापासून दोन तासांच्या अंतरावर होते.

अडचण एकच होती. आकार घेण्यासाठी रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे ठेवून येणे शक्य नव्हते, कारण परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र सोपवता येत नाही. म्हणून मी घरी व्हर्नियरने मापे घेतली आणि आमच्या सुताराकडून सागवानाचा हुबेहूब नमुना करून घेतला. नळी, चक्रीचा फुगवटा, चापाभोवतीचे कडे आणि मुठीचा बाक एवढे त्यात जमले. कारागिराने चामडे कोमट पाण्यात भिजवले, दोन थरांमध्ये तो नमुना घातला आणि हाडाच्या गुळगुळीत पट्टीने कडेकडेने दाबत नेले, तेव्हा चक्रीची गोलाई वर उमटत गेली. शिलाई मेण लावलेल्या दोऱ्याने, आरीने भोके पाडून, दुहेरी केली आहे. माझे रिव्हॉल्व्हर काडतुसे भरताना मधून बिजागरीवर वाकवून उघडायचे आहे, त्यामुळे ते उघडण्याचा खटका चामड्याने दाबला जाणार नाही एवढी जागा मी मुद्दाम ठेवायला सांगितली. वर घोड्याच्या (चाप ओढल्यावर मागे जाऊन काडतुसावर आघात करणाऱ्या भागाच्या) मागून येणारी, अंगठ्याने सुटणारी बटणाची पट्टी आहे. सगळे मिळून 2,400 रुपये झाले.

हे होल्स्टर पँटच्या बाहेर, पट्ट्यावर, अंगाला घट्ट चिकटून बसते. जागा ठरवण्यासाठी कंबर म्हणजे घड्याळाची तबकडी मानावी. नाभीपाशी 12 आणि उजव्या कुशीला 3 धरले तर माझे होल्स्टर 4 वर येते. मूठ किंचित पुढे झुकलेली असल्याने तिचे टोक शर्टातून मागे डोकावत नाही. पाठीच्या कण्यावर, म्हणजे 6 वर, शस्त्र कधीही ठेवू नये. पडलो तर ते थेट मणक्यावर येते. काखेतल्या होल्स्टरला वरून जाकीट लागते आणि आपल्या उन्हाळ्यात रोज जाकीट घालणारा माणूस न विचारताच सगळे सांगून टाकतो.

पट्ट्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते निम्मा आराम तिथेच आहे. काडतुसांसह हे ओझे पाऊण किलोच्या आसपास जाते. साध्या पट्ट्यावर ते एका बाजूला लोंबते, मग पँट ओढली जाते आणि हात सारखा ती सावरायला जातो. हा सारखा कंबरेकडे जाणारा हात बघणाऱ्याला शर्टाखालच्या फुगवट्यापेक्षा लवकर दिसतो. मी त्याच कारागिराकडून दीड इंच रुंदीचा, दोन थर शिवलेला पट्टा करून घेतला. तो लावल्यावर पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मला होल्स्टरचा विसर पडला होता. आराम म्हणजे मऊपणा नव्हे, वजन हलू न देणे आहे, हे मला त्या दिवशी समजले.

कपड्यांत फार बदल करावा लागला नाही. शर्ट एक माप मोठा, न खोचलेला आणि शक्यतो चौकटीचा घेतो. एकरंगी पातळ शर्टावर उठाव लगेच दिसतो. वरच्या फडताळातला डबा काढताना शर्ट वर जातो, म्हणून ते काम मी डाव्या हाताने करतो. खाली पडलेले काही उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकतो.

रिव्हॉल्व्हर परत ठेवण्याची सवय मात्र वेगळी लावून घ्यावी लागली. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, चक्री रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मी महिनाभर रोज दहा मिनिटे सराव केला. शर्टाचे टोक आत गेले तर चापात अडकू शकते, म्हणून डाव्या हाताने शर्ट पूर्ण बाजूला धरायचा, होल्स्टरच्या तोंडाकडे पाहायचे आणि अंगठा घोड्यावर ठेवून सावकाश आत सरकवायचे. चापाला काही लागले तर घोडा मागे सरकताना अंगठ्याला तत्काळ कळते. काढण्याची घाई एखाद्या वेळी असू शकेल, ठेवण्याची कधीच नसते.

पावसाळ्यात चामड्याची परीक्षा झाली. आषाढात एकदा हुपरीहून येताना चिंब भिजलो. होल्स्टर सावलीत, हवेवर, आत सागवानाचा नमुना घालून दोन दिवस वाळवले आणि आकार जराही बदलला नाही. चपलेला तेल देतात तसे यालाही द्यावे असे मला वाटले होते. कारागिराने स्पष्ट नकार दिला, कारण तेलाने चामडे सैल पडते आणि पकड जाते. रात्री रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवत नाही. चामड्यात मुरलेला ओलावा गंजाला पुरेसा असतो, आणि जुलैमध्ये एका रात्रीच्या आळसाने चक्रीवर तांबूस ठिपके आलेले मी पाहिले आहेत. आता ते पुसून, तेलाचा हलका हात फिरवून, कुलपाच्या तिजोरीत जाते.

मध्यंतरी निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागले. त्या काळातही नमुना होल्स्टरमध्ये घालून ठेवला, त्यामुळे शस्त्र परत आल्यावर ते पूर्वीसारखेच बसले.

उणिवा दोन आहेत. स्कूटरवर बसल्यावर होल्स्टरचे खालचे टोक सीटला टेकते आणि मूठ बरगडीकडे ढकलली जाते, त्यामुळे अर्ध्या तासापेक्षा लांब जायचे असेल तर मी चारचाकीच नेतो. दुसरे म्हणजे पट्टीच्या बटणाजवळची शिलाई अकरा महिन्यांत दोन टाके उसवली आहे. पकड अजून पूर्वीइतकीच आहे, तरी मी ती तशीच वापरणार नाही. येत्या गुरुवारी हुपरीचे काम आटोपून कोल्हापूरला जाणार आहे, आणि नमुना आठवणीने बरोबर नेणार आहे.