लेक्टिओ की इग्नेशियन? वचनावर मनन सुरू करणाऱ्यांसाठी

रोज बायबलचे तीन अध्याय उरकायचे, टिक मारायची आणि दुपारपर्यंत काय वाचलं तेच आठवत नाही, याचा कंटाळा आला की माणूस हळू वाचायच्या पद्धती शोधायला लागतो, आणि मग पुढ्यात साधारण दोन नावं येतात. लेक्टिओ डिव्हिना, म्हणजे थोडीच वचनं हळूहळू चघळत वाचणं, नाहीतर इग्नेशियन पद्धत, म्हणजे संत इग्नेशियसने शिकवलेली, प्रसंग डोळ्यापुढे आणून करायची प्रार्थना. मी दोन्ही केल्यात, प्रत्येकी वर्षभर तरी. मी शरणपूर रोडकडचा, प्रॉटेस्टंट घरातला, आमच्याकडे "शांत वेळ" म्हणजे बायबल, पेन आणि एक वही एवढंच, ही दोन्ही प्रकरणं नाशिकरोडच्या एका कॅथलिक मित्रामुळे कळली.

आधी इग्नेशियन केली कारण ती ऐकायला जास्त भारी वाटते. इग्नेशियस मूळचा लढवय्या माणूस, १५२१ मध्ये पाम्प्लोनाला तोफगोळा लागून पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या ख्रिस्ताचं चरित्र वाचत बदलला. त्याची पद्धत म्हणजे शुभवर्तमानातल्या प्रसंगात जाऊन बसायचं. जागा डोळ्यापुढे आणायची, लोक बघायचे, त्यांचं बोलणं ऐकायचं, वास, स्पर्श सगळं, आणि शेवटी मित्राशी बोलावं तसं येशूशी बोलायचं. हा शेवटचा भाग मला अजूनही फार आवडतो.

माझी गाडी अडली ती जागा उभी करण्यातच. मार्कच्या ४ थ्या अध्यायातलं वादळ घेतलं. गालील समुद्र काही मी पाहिलेला नाही, पाणी म्हटलं की मला गंगापूर धरण दिसतं, आणि धरण आलं की बोटिंग आलं, त्यामुळे माझा पेत्र भगव्या लाइफ जॅकेटमध्ये उभा. ते काढलं तर येशूचा चेहरा कॅलेंडरवरचा, निळ्या डोळ्यांचा. तोही पुसला, मग येशू नावेत ज्या उशीवर झोपला होता ती कशी असेल, नावेत उशी आली कुठून, यात वीस मिनिटं गेली आणि प्रार्थना राहिलीच. हे एकदा झालं असतं तर हसून सोडलं असतं, पण रोज हेच, मी शिष्य कमी आणि नाटकाचा नेपथ्यकार जास्त. शिवाय येशू जे बोलला ते तो बोलला की मीच त्याच्या तोंडी घातलं, ही शंका काही जाईना. जाणकार म्हणतात त्याची एवढी काळजी करू नये, असेलही, मला नाही जमलं.

लेक्टिओत असलं काही उभं करावं लागत नाही. ६-८ वचनं घ्यायची, हळू, शक्यतो ओठ हलवत वाचायची, परत वाचायची, एखादा शब्द अडला की तिथंच थांबायचं. १२ व्या शतकातल्या दुसऱ्या गुइगो नावाच्या कार्थुसियन (एक कॅथलिक मठपंथ) साधूने याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापुढे असणं, आणि त्याने उदाहरण दिलंय ते जेवणाचं, घास तोंडात घेणं, चावणं, चव लागणं आणि शेवटी ती गोडीच. जुने साधू तर याला सरळ रवंथच म्हणायचे.

मी सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. स्तोत्र २३ लहानपणापासून पाठ, संडे स्कूलमध्ये म्हणून बक्षीसही घेतलंय. एका सकाळी त्यातल्या "उणे" या शब्दावर अडलो. मला काही उणे पडणार नाही. दिवसभर मी दुसरं करतो काय, उणेच तर शोधतो, कुठल्या खात्यात किती कमी पडले. त्या एका शब्दावर चार दिवस गेले आणि प्रार्थना आपोआप निघाली, म्हणजे तक्रारच निघाली आधी, पण निघाली.

लेक्टिओचा त्रास नाही असं नाही. झोप येते, पहाटे तर हमखास. काही दिवस एकही शब्द अडत नाही, कोरडंच उठावं लागतं. आणि चौथ्या पायरीबद्दल मी फार बोलू नये, दोन-तीनदा काहीतरी झालं असेल.

उलट आमच्या मिसेसना इग्नेशियनच लागू पडली. त्या बालवाडीच्या शिक्षिका, गोष्ट सांगायची सवय, आंधळ्या बार्तीमयाच्या प्रसंगात त्या गर्दीत अशा जाऊन बसतात की चहा गार होतो. त्यामुळे ज्यांना चित्र पटकन दिसतं त्यांनी तिकडे जावं, मी अडवणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की त्या पद्धतीला प्रसंग लागतो. १७६ वचनांचं स्तोत्र ११९ घेऊन कुठे जाऊन बसणार? रोमकरांस पत्राचंही तेच. लेक्टिओला काहीही चालतं. आणि गंमत म्हणजे खुद्द इग्नेशियसनेही एक पद्धत अशी दिलीय की प्रभूची प्रार्थना घ्या आणि एकेका शब्दावर, गोडी लागतेय तोवर थांबा, पुढे जायची घाई नको. हे मला फार उशिरा कळलं, आधी कळलं असतं तर ते लाइफ जॅकेट वाचलं असतं.

माझं सध्या स्तोत्र २३ च चालू आहे, तिसरा आठवडा. चौथ्या वचनातल्या दरीपर्यंत अजून पोचलो नाही.