मालागा ते रोंदा: बस, रेल्वे की भाड्याची मोटार?

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या पांढऱ्या डोंगरगावांत बस जाते, पण ती पर्यटकांच्या सोयीने नाही. आपल्या वस्तीच्या एसटीसारखी सकाळी गावकऱ्यांना शहरात नेते नि दुपारी घरी सोडते. शनिवारी फेऱ्या कमी, रविवारी काही गावांना एकही नाही. वेळापत्रकात ‘लाबोराब्लेस’ लिहिलेली फेरी फक्त कामाच्या दिवशी सुटते. हे न पाहता रविवारी सेतेनीलसारखं गाव ठरवलं की टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही.

मालागा विमानतळ ते शहर हा टप्पा बिनघोर. समोरच सी-१ लोकल मिळते, दहा-बारा मिनिटांत मारिया थांब्रानो स्थानक. बसस्टँड शेजारीच.

तिथून रोंदाला बसनेच जावं. दोन तासांच्या आसपास लागतात. थेट रेल्वे मोजकीच. एरवी वाटेत गाडी बदलावी लागते आणि जोडगाडी चुकली की अर्धा दिवस गेला. रेल्वेची हौस रोंदा ते आल्हेसिरास या टप्प्यावर भागवावी. १८९०च्या दशकात ब्रिटिश कंपनीने बांधलेला हा मार्ग ग्वादियारो नदीच्या खोऱ्यातून उतरतो. कोकण रेल्वेचे नव्वदच्या वर बोगदे पाहिलेल्यांनाही खिडकी सोडवणार नाही. मार्गाचं काम चालू असलं की काही भागात गाडीऐवजी बस सोडतात, तेव्हा आधी चौकशी करा.

रोंदात स्थानकापासून १७९३ साली पुरा झालेल्या पुएन्ते नुएवो पुलापर्यंत वीसेक मिनिटं चाल. पूल ९८ मीटर उंच आहे. वरून दरी दिसते, पूल दिसत नाही. त्यासाठी जुन्या गावाच्या बाजूने खाली उतरायचं. परतताना चढ दमवतो, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच समाधान मानलेलं बरं.

सेतेनील, साआरा, ग्रासालेमा या तीन गावांसाठी मात्र दोन दिवस मोटार घ्या. सबंध सहलीभर नको, मालागा-सेवियासारख्या शहरांत ती लोढणंच होते. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतूनच निघतो आणि वर्षभर चालतो. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर हवं. डेबिट कार्ड बऱ्याच काउंटरवर नाकारतात, किंवा महागडा विमा गळ्यात मारतात. अनामतीची रक्कम कार्डावर अडकून राहते, तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. गिअर नसलेली गाडी हवी तर आधीच बुक करा, ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नाही.

आंबा घाटात हात बसलेल्याला इथली वळणं जड नाहीत. ग्रासालेमा-साआरा रस्त्यावरची खिंड अकराशे मीटरच्या वर आहे, पण रस्ता चांगला. घोटाळा उजव्या बाजूने चालवण्याचा आणि त्याहून जास्त गावातल्या बोळांचा. मोबाईलचा नकाशा थेट चर्चपर्यंत नेऊ पाहतो. आरसा भिंतीला घासला की अनामतीतून पैसे कापले जातात. गाडी गावाबाहेर लावून चालत वर जा. रस्त्याकडेच्या पांढऱ्या रेघांत फुकट, निळ्यांत पैसे, पिवळ्यांजवळ मुळीच नाही.

ग्रासालेमा स्पेनमधल्या सर्वांत पावसाळी जागांपैकी एक. वर्षाला साधारण २००० मिलिमीटर, आंबोलीकर हसतील! पण तो पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या शहरांत पारा चाळिशी गाठतो. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. आंब्याची बाग असेल तर पहिला पर्याय बादच. ऑक्टोबरमध्ये कोकणातून निघताना कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपलंय का ते पाहा, आणि नसेल तर विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा.