आठ महिने व्हिडिओ बघून हातकाम शिकतेय, त्याचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी ठरवलं की सायकलची दुरुस्ती आणि सोल्डरिंग, दोन्ही यूट्यूबवर बघून शिकायचं, क्लास नाही, कुणाच्या हाताखाली नाही. आज विचाराल तर चेन बदलणं, ब्रेक पॅड, गिअर लावणं हे सगळं मी स्वतः करते आणि हेडफोनची तुटलेली वायर जोडली ती अजून टिकलीये. पण पहिले दोन महिने अक्षरशः पाण्यात गेले. त्यात व्हिडिओंची चूक कमी, माझ्या बघण्याची जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आडवी पडून बघायचे. रात्री सगळं आवरलं की फोन घेऊन सलग पाच-सहा व्हिडिओ, आणि झोपताना अगदी वाटायचं की झालं, आलं आपल्याला. दुसऱ्या दिवशी पाना हातात घेतला की डोकं कोरं. नंतर कळलं की यावर चक्क अभ्यास झालाय, शिकागो विद्यापीठातल्या मायकल कार्डस आणि एड ओब्रायन यांचा, २०१८ सालचा. भांड्यांखालचं टेबलक्लॉथ झटक्यात ओढायचं, मूनवॉक, डार्ट्स असले व्हिडिओ लोकांना काहींना एकदा आणि काहींना २० वेळा दाखवले, तर २० वेळा बघणाऱ्यांना वाटलं की आपल्याला जमेल, आणि प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा ते इतरांपेक्षा काही बरे ठरले नाहीत. मला मजा वाटली ती पुढच्या भागाची, जगलिंगचा व्हिडिओ बघून झाल्यावर त्या पिन नुसत्या हातात धरायला दिल्या तरी तो फुगलेला आत्मविश्वास खाली आला. तेव्हापासून माझा एकच नियम, सायकल समोर नसेल तर सायकलचा व्हिडिओ लावायचा नाही.

पहिली फजिती पेडलची. व्हिडिओत त्या माणसानं उजवं पेडल सोडवून दाखवलं, मी तेच डाव्या बाजूला केलं आणि अर्धा तास घाम गाळून ते आणखी घट्ट करून ठेवलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हो! हे त्यानं सांगितलंही होतं, दहाव्या मिनिटाला, आणि मी चौथ्या मिनिटाला व्हिडिओ बंद करून पाना उचलला होता.

गिअरचा किस्सा मात्र खरा शिकवून गेला. चेन मधल्या चकत्यांवर उड्या मारायची. सगळे व्हिडिओ सांगतात की बॅरल अ‍ॅडजस्टर (गिअरच्या केबलचा ताण कमीजास्त करायचा गोल स्क्रू) थोडा थोडा फिरवत जा, केबल ताणली की चेन मोठ्या चकतीकडे जाते, सैल केली की लहानाकडे. मी तीन संध्याकाळी तेच करत बसले. लहान चकत्यांना बरोबर लागला की मोठ्यांना बिघडायचा, मोठ्यांना लावला की लहानांना, आणि वर मी सायकल उलटी करून ठेवलेली त्यामुळे व्हिडिओतलं डावं-उजवं पण डोक्यात फिरवत बसायला लागायचं. शेवटी वैतागून गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीचं डीलर मॅन्युअल उघडलं (फुकट मिळतं नेटवर, रुक्ष आहे पण आकृत्या फार चांगल्या), आणि त्यातली आकृती बघून सायकल सरळ उभी करून मागून डोळे बारीक करून बघितलं तर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) आत झुकलेला. फ्रेम आणि डिरेलरच्या मध्ये एक छोटा पत्र्यासारखा तुकडा असतो, हॅंगर, तो बऱ्याच सायकलींना मुद्दाम मऊ ठेवलेला असतो म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. माझी पडली होती. हॅंगर वाकडा असेल तर अ‍ॅडजस्टर जन्मभर फिरवा, गिअर लागायचा नाही.

मग मी तेच आधी बघितलेले व्हिडिओ पुन्हा लावले आणि कपाळावर हात मारला. जवळजवळ प्रत्येकात सुरुवातीला एक वाक्य होतंच की हॅंगर सरळ आहे याची खात्री करा, दोन सेकंद, की लगेच कट, पुढचा शॉट. त्यांची सायकल चकचकीत, स्टॅंडवर टांगलेली, काहीच न बिघडलेली. म्हणजे ते बरोबर असलेली गोष्ट बरोबर करून दाखवत होते! तेव्हापासून मी कट मोजते. शॉट अचानक बदलला, हाताला आधी नसलेलं ग्रीस लागलं, दिवसाचा उजेड जाऊन लाईट लागला की समजायचं इथे काहीतरी अडलं होतं आणि ते कापलंय, आणि आपलंही नेमकं तिथेच अडणार. एकच माणूस, एक कॅमेरा, न कापलेला कंटाळवाणा व्हिडिओ ज्यात तो स्क्रू खाली पाडतो आणि शोधतो, तो माझ्यासाठी सोनं आहे.

सोल्डरिंगमध्ये वेगळंच झालं. माझा डाग (वितळलेल्या सोल्डरचा सांधा) कायम मळकट, दाणेदार दिसायचा आणि व्हिडिओतला आरशासारखा. मी तो वाईट समजून पुन्हा पुन्हा तापवायचे, इतका की दोन बोर्डवरचे तांब्याचे पॅड उखडून आले. शेवटी सोल्डरच्या रिळावरचं लेबल वाचलं तर माझं बिनशिशाचं. व्हिडिओवाल्याचं शिसं असलेलं ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), ते १८३ अंशांना वितळतं आणि चकाकतं, बिनशिशाचं साधारण २१७ च्या पुढे आणि डाग चांगला बसला तरी मंदच दिसतो. माझे पहिले डाग बहुतेक ठीकच होते!! व्हिडिओत रंग-रूप दिसतं, रिळावर काय लिहिलंय ते कुणी दाखवत नाही. आता सामान आधी जुळवते, मग प्ले.

कामाच्या काही सवयी. कॉम्प्युटरवर बघा, फोनवर नको. के दाबलं की थांबतो, जे नं १० सेकंद मागे, एल नं १० पुढे, आणि थांबलेला असताना स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे होते, बोटं नेमकी कुठे आहेत ते तिथेच कळतं. स्पीड ०.२५ पर्यंत खाली येतो. आणि ट्रान्स्क्रिप्ट उघडून त्यात हवा तो शब्द शोधायचा, २० मिनिटांतली कामाची ४० सेकंद सापडतात.

तक्रारी आहेतच. २०२० पासून ८ मिनिटांच्या व्हिडिओतही मध्ये जाहिराती टाकता येतात (आधी १० लागायची), त्यामुळे दोन मिनिटांचं काम आठ मिनिटं ताणलेलं असतं. २०२१ च्या शेवटी डिसलाईकचा आकडा लपवला, तो फसवे व्हिडिओ ओळखायला बरा पडायचा, आता निदान कमेंट तरी चाळून घेते.

घरच्या वायरिंगला मी व्हिडिओ बघून हात लावत नाही, आणि मायक्रोवेव्ह तर उघडतच नाही, त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. त्याचाच ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढायचे व्हिडिओ फिरतात, त्या नादात माणसं मेलीयेत.

सध्या चाक सरळ करणं चाललंय. उजव्या फ्लॅंजचा (चाकाच्या मधल्या हबच्या उजव्या कडेचा) स्पोक आवळला की रिम उजवीकडे येते, एका वेळी पाव फेरी, इथवर सोपं. पण निपल (स्पोकच्या टोकाची छोटी नट) फिरवायची दिशा व्हिडिओत वरून दिसते आणि माझ्या हाताला खालून, दोनदा उलटं फिरवून डोलणारं चाक आणखी डोलवून ठेवलं. आता रिमवर टेप चिकटवून पेननं बाण काढलाय.