लहान मुलांना इंग्रजी शिकवायला परदेशात चाललात? लॅमिनेटर घ्याच (दीड वर्ष वापरून लिहितेय)

परदेशात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते, दीड वर्ष झालं. या दीड वर्षात पदरचे पैसे घालून घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू कोणती विचाराल तर घरगुती साइजचं ए-फोर लॅमिनेटर, म्हणजे कागद गरम प्लास्टिकमध्ये बंद करणारं मशीन, दुसरं काही डोळ्यासमोर येतच नाही. दोन रोलरचं साधं मशीन आहे, चपलांच्या खोक्याएवढं, आणि या साइजची सगळी मशीन साधारण सारखीच चालतात म्हणून कंपनीचं नाव देत नाही.

आता हे लागतं कशाला, तर मला मुलांची भाषा येत नाही, मुलांना माझी येत नाही आणि इंग्रजी आत्ता कुठे शिकतायत, म्हणजे एखादा शब्द समजावून सांगायला माझ्याकडे भाषाच नाही, एकतर करून दाखवायचं नाहीतर चित्र दाखवायचं. जंप म्हणायचं आणि स्वतः उडी मारायची, याला टीपीआर म्हणतात, टोटल फिजिकल रिस्पॉन्स, जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडलेली पद्धत आहे आणि लहान मुलांसोबत ती खरंच चालते. पण उडी मारता येते, जिराफ आणि जांभळा रंग कुठून आणणार? मग फ्लॅशकार्ड.

पहिल्या महिन्यात साध्या कागदावर प्रिंट काढायचे. आमचा रोजचा खेळ म्हणजे कार्डं जमिनीवर पसरायची, मी शब्द बोलायचा आणि दोन मुलांनी धावत येऊन बरोबर चित्रावर हात मारायचा, त्यात कागद किती टिकणार! एकाने जिराफाचा कोपरा चावून ओला करून ठेवला, दुसरीने पाणी सांडलं, आणि सगळ्यांची सर्दी एकाच वेळी वाहत असते ती वेगळीच. दर रविवारी रात्री तीच कार्डं पुन्हा कापत बसायचे. मशीन आल्यावर हे थांबलं, कार्डं ओल्या फडक्याने पुसते आणि दुसऱ्या दिवशी परत वापरते. तेव्हा केलेला जिराफ अजून चालू आहे.

पाउचबद्दल, म्हणजे कागद ज्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून मशीनमध्ये सरकवायचा त्याबद्दल, जरा सविस्तर लिहिते कारण खरी गंमत तिथेच आहे. पाउच 80 आणि 125 मायक्रॉन जाडीचे मिळतात, वर्गातल्या कार्डांना 125च घ्या, 80चं कार्ड मुलं दुमडतात आणि त्याला कायमची रेघ पडते. चित्राच्या चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक सोडून कापा, कागदाला लागून कापलं तर कडेने पाणी आणि लाळ आत शिरते आणि महिनाभरात पापुद्रा सुटतो. आणि कोपरे गोल करा, हे अगदी मनापासून सांगतेय, 125 मायक्रॉनचा टोकदार कोपरा सुईसारखा लागतो आणि हात मारायच्या खेळात तो डोळ्याजवळ जायला वेळ लागत नाही. कोपरे कापायचं छोटं पंचिंग मशीन मिळतं, नसेल तर कात्री आहेच. मॅट घ्यायचा का ग्लॉसी, तर ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि बाजूला बसलेल्या मुलांना चित्र दिसतच नाही, पण त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येतं. म्हणून दाखवायची कार्डं मॅटमध्ये आणि गिरवायची ग्लॉसीमध्ये अशी मी वाटणी केलीय.

ध्वनींच्या कार्डांना तर याच्याशिवाय पर्याय नाही. इंग्रजीत अक्षरं 26 पण ध्वनी साधारण 44, त्यामुळे ए बी सी डी पाठ करून वाचता येत नाही. आम्ही एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरू करतो आणि तेही नावाने नाही, आवाजाने, म्हणजे एस नाही तर स्स्स, कारण एवढ्या सहांतूनच सिट, टॅप, पिन, नॅप असे कितीतरी शब्द जुळवता येतात. कार्डं सरकवून शब्द करायचे, सरकवून मोडायचे, दिवसातून पन्नास वेळा. आणि एक खास आपल्यासाठी, मराठीत व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला आपण व-च म्हणतो, त्यामुळे मला आधी आरशासमोर सराव करावा लागला. मग माझ्याच तोंडाचे दोन क्लोजअप फोटो काढून लॅमिनेट केले, एकात वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्यात ओठांचा चंबू. मुलं ते फोटो हातात धरून एकमेकांच्या ओठांकडे बघत व्हॅन, विंडो म्हणतात.

पण माझं सगळ्यात लाडकं कार्ड टॉयलेटचं आहे. वर्गात एक मुलगा होता, चार वर्षांचा, पहिले तीन महिने एक अक्षर बोलला नाही. नवीन भाषेत पडलेली लहान मुलं अशी बराच काळ गप्प राहतात, आतून ऐकत असतात, सायलेंट पिरियड म्हणतात याला आणि त्या काळात बोल बोल म्हणून मागे लागायचं नसतं. पण शू आलीय हे तरी कळायला हवं ना, दोनदा त्याची चड्डी ओली झाली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मला अगदी भरून आलं. त्या रात्री टॉयलेटचं चित्र लॅमिनेट केलं, मागे वेल्क्रो लावला आणि दाराशेजारी त्याच्या उंचीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी गाण्याच्या मध्येच वेल्क्रोचा चर्रकन आवाज आला, तो कार्ड घेऊन माझ्यासमोर उभा. त्यानंतर पाण्याचं, दुखतंय-चं आणि घरची आठवण येतेय-चं अशी तीन कार्डं त्याच भिंतीवर आली.

आता तक्रारी. मशीनचा हिरवा दिवा लवकर लागतो, खरं तापायला अजून दोन मिनिटं लागतात, घाई केली की पाउच दुधाळ राहतो आणि परत घालावा लागतो. सलग अर्धा तास चाललं की गरम होऊन बंद पडतं. ए-थ्री पोस्टर जात नाही, दोन तुकडे करून जोडावे लागतात. इंकजेटची प्रिंट पूर्ण सुकली नसेल तर बुडबुडे येतात. पाउच नेहमी बंद बाजूने घाला आणि रिकामा कधीच घालू नका, आतला गोंद रोलरला बसला की मशीन गेलं समजा. घरच्यांचा जुना फोटो असेल तर त्याची कॉपी लॅमिनेट करा, मूळ फोटो नको, एकदा चिकटला की निघत नाही.

आणि मशीन घरून बॅगेत घालून नेऊ नका. तापणारी वस्तू आहे, 230 व्होल्टचं मशीन 110वर नीट तापत नाही आणि उलट केलं तर जळतं, नुसत्या पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने काही होत नाही. तिकडे पोचल्यावर घ्या.

साडेचार स्टार, अर्धा त्या हिरव्या दिव्यासाठी कापला. माझा करार दोन महिन्यांत संपतोय, मशीन आणि उरलेले पाउच नवीन येणाऱ्या टीचरला देऊन जाणार आहे. कार्डांचा डबा पण. टॉयलेटचं कार्ड मात्र भिंतीवरून काढू नका असं सांगून ठेवलंय, आता त्या मुलाला ते लागत नाही, पण यंदा आणखी दोन नवीन मुलं आलीत.