पोरं द्यायची की पिचर आणायचा? डेट्रॉइटचा जुना हिशोब

दरवर्षी जुलै लागला की आमच्या इथे मिशिगनमध्ये मराठी पोरांच्या ग्रुपवर (पोरं कसली, सगळे चाळिशी ओलांडलेले) एकच भांडण सुरू होतं. आमची डेट्रॉइटची बेसबॉल टीम टायगर्स वरती आहे, स्टार्टर कमी पडतायत, मग मायनर लीगमधली (मेजर लीगच्या खालची, जिथे टीमची पोरं तयार होतात) हुशार पोरं देऊन एखादा तगडा पिचर (बेसबॉलचा बॉलर) आणायचा की नाही? एक गट म्हणतो, पोरं काय, परत होतील, १९८४ नंतर वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकलेली नाही, आणा आत्ताच. दुसऱ्या गटात एक सांगलीचा मित्र आहे, त्याला मायनर लीगमधल्या अठरा वर्षांच्या पोरांचं ॲव्हरेजसुद्धा पाठ असतं, त्याच्यासमोर कुणाला द्यायचं नुसतं नाव काढलं तरी तो घरातली जमीन विकायला काढल्यासारखा अंगावर येतो. हा वाद कुठल्याही वर असलेल्या टीमचा आहे, पण डेट्रॉइटने एकट्याने जवळपास चाळीस वर्षांत यातले सगळे प्रयोग करून ठेवलेत, म्हणून तिथलाच हिशोब मांडतो.

फक्त क्रिकेट बघणाऱ्यांसाठी आधी थोडं. स्टार्टर म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर. टीमकडे असे पाच असतात, साधारण पाचव्या दिवशी एकाचा नंबर येतो आणि चांगला असेल तर तो शंभरेक बॉल टाकतो, म्हणजे सोळा-सतरा ओव्हर एकट्याने, आणि एकदा काढला की त्या मॅचमध्ये परत येता येत नाही. सीझनला १६२ मॅच, त्यामुळे दोन स्टार्टर दुखापतीने गेले की टीम उघडी पडते. आता पोरांची बाजू. मायनर लीगमधून वर आलेला पोरगा सहा वर्षं टीमच्या ताब्यात असतो, आणि पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारात खेळतो, २०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. बाजारातून बरा स्टार्टर घ्यायचा तर वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर सहज जातात. म्हणजे ट्रेडमध्ये तुम्ही स्वस्तातली सहा वर्षं देता आणि बदल्यात कधीकधी फक्त दोन महिने घेता, कारण सीझन संपला की तो पिचर मोकळा. असल्या पिचरला आम्ही भाडेकरू म्हणतो.

भाडेकरूची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९८७ ची. डिव्हिजनमध्ये (लीगमधला एक गट) टायगर्स आणि टोरांटो घासून चाललेले, १२ ऑगस्टला टायगर्सनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा पोरगा दिला. पोरगा मिशिगनचाच, लॅन्सिंगला वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा फॅन, आणि त्या वर्षी मायनरमध्ये मार खात होता, म्हणजे हळहळावं असं तेव्हा तरी काही दिसत नव्हतं. अलेक्झांडरने ११ मॅच सुरू केल्या, ९ जिंकला, एक हरला नाही, ईआरए १.५३ (नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण मॅचमागे, दीड रन), आणि ज्या ११ मॅचना तो उतरला त्या सगळ्या टायगर्स जिंकले. डिव्हिजन किती फरकाने मिळाली? दोन मॅचच्या. मग प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या नॉकआउट सिरीज) मिनेसोटाने ४-१ ने झोपवलं, त्यात अलेक्झांडर दोन मॅच हरला, आणि १९८९ नंतर रिटायर झाला. स्मोल्ट्झ तिकडे २१३ विजय, १५४ सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेल्या मॅच), १९९६ चा साय यंग (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), २०१५ ला थेट हॉल ऑफ फेम. आणि टायगर्स? पुढची प्लेऑफ २००६ ला.

सगळे ह्या ट्रेडला शिव्या घालतात. मी नाही घालत. तो नसता तर १९८७ ची डिव्हिजन गेली होती हे उघड आहे, आणि १९ वर्षांचा दुष्काळ काही एका पोराने पडत नाही, त्याला मालकापासून ड्राफ्टपर्यंत (नव्या पोरांची टीमवार निवड) सगळ्यांनी हातभार लावावा लागतो.

आता याच्या अगदी उलट २०१२ चा व्यवहार बघा. मायामी मार्लिन्सकडून पिचर अनिबाल सांचेझ आला, सोबत सेकंड बेसला फिल्डिंग करणारा ओमार इन्फान्टे, आणि बदल्यात गेला जेकब टर्नर, २००९ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर घेतलेला, टीमचा सगळ्यात लाडका पिचिंग प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पिचर (अजून दोघे होते, ते सोडा). टर्नरचं पुढे काहीच झालं नाही. सांचेझने त्याच वर्षी यांकीजविरुद्ध प्लेऑफमध्ये सात इनिंग शून्य रन दिले, टीम वर्ल्ड सिरीजला गेली, तिथे जायंट्सनी ४-० ने धुतलं हा भाग वेगळा. तो पण भाडेकरूच होता पण टीमने नंतर पाच वर्षांचा करार केला आणि २०१३ ला २.५७ ईआरएने तो अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) पहिला आला. शेवटची वर्षं पैसे वाया गेले, ते खरंय. पण ट्रेड म्हणून बघाल तर यात नाव ठेवायला जागा नाही.

म्हणजे दोन्ही वेळेला टायगर्सनी पिचिंग प्रॉस्पेक्टच दिला, एकदा हॉल ऑफ फेमर गेला आणि एकदा कुणीच नाही. आधी कळलं असतं का? अजिबात नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसले हे वाद असतात.

२०१४ चा ट्रेड माझ्या डोळ्यासमोरचा. ३१ जुलै, गुरुवार दुपार, मी हाफ डे टाकून टायगर्सच्या स्टेडियमला, कोमेरिका पार्कला गेलेलो, समोर व्हाइट सॉक्स. सातवी इनिंग चालू, सगळ्यांच्या हातात फोन कारण ट्रेड करायची डेडलाइन चारला, आणि मधेच सेंटर फील्डला उभ्या असलेल्या ऑस्टिन जॅक्सनला बाहेर बोलावलं. मॅच थांबली, तो लांबून चालत येतोय, आणि लोकांना हळूहळू कळायला लागलं की हा गेला, आपण याला विकला. अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारचे एक गोरे आजोबा टाळ्या वाजवता वाजवताच मला म्हणाले की पण आला कोण ते बघ ना फोनवर. आला होता डेव्हिड प्राइस, २०१२ चा साय यंग विजेता. तीन टीमचा व्यवहार, त्यात जॅक्सन सिॲटलला, आणि ड्रू स्मायली आणि विली अडामेस टँपा बेला. अडामेस हा शॉर्टस्टॉप, तेव्हा १८ वर्षांचा, खालच्या लीगमध्ये आमच्याच वेस्ट मिशिगनला खेळत होता, त्या दिवशी त्याचं नाव फार कुणी घेतलं पण नाही. दहा वर्षांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोने सात वर्षांचे १८.२ कोटी डॉलर दिले.

आणि प्राइसने काय केलं तर प्लेऑफमध्ये बॉल्टिमोरविरुद्ध आठ इनिंग टाकून फक्त दोन रन दिले, तेही एकाच होमरनवर (आपला सिक्सर समजा), आणि आपण २-१ ने हरलो, सिरीज ३-० ने गेली. चुकला तो नाही, बॅटिंग झोपली. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी भाडेकरूत नसते, प्राइस २०१५ च्या शेवटपर्यंत आपला होता, त्यामुळे पुढच्या जुलैला टीम ढेपाळली तेव्हा त्याला टोरांटोला विकून डॅनियल नॉरिस, मॅट बॉइड आणि अजून एक पिचर आणता आला. घेतलेली वस्तू परत विकता येते, याला किंमत आहे. भाडेकरू गेला की गेला, आणि सीझनच्या मधे आणलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (ठराविक पगारात एक वर्ष थांबायचा प्रस्ताव) देता येत नाही, त्यामुळे तो सोडून गेल्यावर भरपाईचा ड्राफ्ट पिकसुद्धा मिळत नाही.

२०१७ ला आपण काउंटरच्या पलीकडे होतो. ३१ ऑगस्टला (तेव्हा काही अटींवर ऑगस्टअखेरपर्यंतही ट्रेड व्हायचे) मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना आपला स्टार्टर जस्टिन वरलँडर ह्यूस्टनला गेला. त्याने सीझनच्या शेवटी पाच मॅच सुरू करून पाचही जिंकल्या, लीग फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, ह्यूस्टनने वर्ल्ड सिरीज घेतली आणि नंतर त्यांच्याकडेच त्याने दोन साय यंग पण मारले. आपल्याला मिळालेल्या तिघांतला मुख्य होता फ्रँकलिन पेरेझ, तो दुखापतींमुळे मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. डॅझ कॅमेरॉन आला आणि गेला, कॅचर जेक रॉजर्स तेवढा टिकला. पोरं जपा म्हणणाऱ्यांना मी कायम हाच ट्रेड दाखवतो, कारण इथे आपण स्वतः पोरं घेणारे होतो आणि काय हाती लागलं ते बघा.

जपणाऱ्यांकडे पण एक हुकमी पान आहे, २०२४. त्या जुलैला टायगर्सनी उलट आपला स्टार्टर जॅक फ्लॅहर्टी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना विकला, रोटेशनमध्ये (पाच स्टार्टरची फेरी) धड उरला फक्त टारिक स्कूबल, बाकीच्या दिवशी मॅनेजर ए. जे. हिंच बुलपेनमधले (स्टार्टरनंतर येणारे पिचर) सहा-सात जण आलटून पालटून टाकायचा, त्याला पिचिंग केऑस असं नाव पडलं, आणि तेवढ्यावर टीम प्लेऑफला जाऊन ह्यूस्टनला हरवून आली. म्हणजे स्टार्टर न घेता पण चालतं. महिनाभर चालतं असं मी म्हणेन. तिकडे फ्लॅहर्टी डॉजर्सबरोबर वर्ल्ड सिरीज विजेत्याची अंगठी घेऊन परत डेट्रॉइटलाच आला, तो वेगळाच विनोद.

आणि मग २०२५. हे वर्ष आठवलं की अजून जेवण जात नाही. जुलैच्या सुरुवातीला टीमची आघाडी १४ मॅचची होती. पण स्टार्टर जॅक्सन जोब जूनमध्येच टॉमी जॉन सर्जरीला (कोपराची) गेलेला, जुलैअखेरीला दुसरा स्टार्टर रीस ओल्सनचा खांदा गेला, आणि स्कूबलचा २०२६ नंतर करार संपतो हे शेंबड्या पोराला पण माहीत. घ्यायची वेळ कधी असेल तर ती हीच होती. केविन मॅकगॉनिगल आणि मॅक्स क्लार्क ह्या दोन मोठ्या प्रॉस्पेक्टना हात लावायचा नाही असं दिसत होतं, ते मला पटतं. पण त्यांच्या खालची पण फळी होती ना. स्टार्टर म्हणून आणलं काय तर मिनेसोटाकडून ख्रिस पॅडॅक आणि बॉल्टिमोरकडून ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन. पॅडॅकची रवानगी बुलपेनला झाली, मॉर्टनला सीझन संपायच्या आतच सोडून द्यावं लागलं, डिव्हिजन क्लीव्हलंडने एका मॅचच्या फरकाने नेली. ८८ विजय त्यांचे, ८७ आपले.

याच जुलैला टोरांटोने काय केलं बघा. शेन बीबर, टॉमी जॉनमधून सावरत असलेला, त्या सीझनमध्ये मेजर लीगमध्ये एक बॉल टाकला नव्हता, त्यासाठी त्यांनी खाल स्टीफन नावाचा पिचिंग प्रॉस्पेक्ट दिला, तोही आपल्याला डिव्हिजनमध्ये मागे टाकणाऱ्या त्या क्लीव्हलंडलाच. जुगार होता. पण बीबर लीग फायनलची सातवी मॅच सुरू करायला उभा होता आणि टोरांटो वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचपर्यंत गेलं. तिथे अकराव्या इनिंगला विल स्मिथचा निर्णायक होमरन बसला तो बीबरलाच, पण तिथपर्यंत पोचले की.

आपण कुठे होतो? १० ऑक्टोबरच्या रात्री सिॲटलमध्ये, प्लेऑफ सिरीजची पाचवी, निर्णायक मॅच. मी सोफ्यावर, बायको दहाला झोपायला गेली, चहा दोनदा झाला. स्कूबलने सहा इनिंगमध्ये १३ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, ९९ बॉल, आपल्या भाषेत साडेसोळा ओव्हर, आणि २-१ अशी आघाडी हातात देऊन तो बसला. पुढच्याच इनिंगला बरोबरी. मग बुलपेनमधला एकेक पिचर येतोय, शून्य टाकतोय, जातोय, दहावी, बारावी, चौदावी, आणि पंधराव्या इनिंगला होर्हे पोलान्कोच्या हिटवर ३-२ ने संपलं. घड्याळात एक वाजून गेलेला. डिव्हिजन जिंकली असती तर हा रस्ताच वेगळा असता, आणि डिव्हिजन गेली एका मॅचने, ती एक मॅच कुठली ते प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवलंय, माझ्या मनात मॉर्टनची एक आहे.

तर ठरवायचं कसं. माझं मत असं की घेणं आणि न घेणं ह्या दोन्हीचं समर्थन करता येतं, स्वस्तात काहीतरी आणून घेतल्यासारखं दाखवणं याचं नाही करता येत. टीम पाच-सहा मॅचने मागे असेल तर सरळ पोरं जपा. पुढे असेल, हातात स्कूबलसारखा एक्का असेल आणि त्याची वर्षं संपत आली असतील, तर घ्या, आणि शक्यतो दीड-दोन वर्षं हाताशी राहणारा घ्या, त्याला पोरं जास्त लागली तरी.

कुठली पोरं द्यायची तर आधी पिचर. पिचरचं कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही, जोब तर २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर घेतलेला. स्मोल्ट्झ निघेल ही भीती राहणारच, पण एका स्मोल्ट्झमागे किती टर्नर आणि किती पेरेझ असतात ते पण मोजा. शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्ड (फिल्डिंगच्या अवघड जागा) खेळणारा, बॅटिंग करणारा पोरगा मात्र शेवटपर्यंत धरून ठेवा, अडामेसची चूक मला स्मोल्ट्झपेक्षा जास्त बोचते.

आणि ३१ जुलैची वाट बघू नका. मिलवॉकीने २००८ ला सीसी सबाथिया ७ जुलैलाच उचलला, तो १७ मॅच सुरू करू शकला, ११ जिंकला, २ हरला. प्राइस २०१५ ला टोरांटोला जुलैच्या शेवटी पोचला, त्याला ११ मिळाल्या. सहा मॅचचा फरक. मिलवॉकी त्या वर्षी २६ वर्षांनी प्लेऑफला गेली, मेट्सपेक्षा एक मॅच जास्त जिंकून.